मालकीणबाईंचा पिंजरा

केस कापायला बसलेला माणूस कितीही मोठा असो, "मान खाली" म्हटलं की खाली घालतोच. त्या एका हुकमावरून केशकर्तनालयाच्या मालकांना फौजदार हे नाव पडलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव आता घरच्यांनाही आठवावं लागे. आवाज भरदार, हात मात्र पिसासारखा. दाढी करून घेताना गिऱ्हाइकं घोरायची.

दुकानात खुर्च्या दोन. पहिलीवर फौजदारांचं राज्य. दुसरी त्यांनी हौसेनं घेतली होती, लेक हाताशी येईल म्हणून. लेक शाळेतून आला की त्याच खुर्चीत मांडी घालून गणितं सोडवायचा. कंटाळला की पायानं भिंतीला रेटा देऊन गरागरा फिरायचा. आई चहा घेऊन यायची आणि दोघांना एकाच दमात रागवायची, "हा फिरतोय आणि तुम्ही बघताय." गणितं जरा जास्तच चांगली सुटली. लेक शिकला, परदेशात गेला, तिथंच रमला. आई आजारपणात गेली. दुसरी खुर्ची बरीच वर्षं नुसती पुसली जायची.

मग एक दिवस करड्या पट्ट्यांची एक मांजर आत आली, आरशात स्वतःला न्याहाळून त्या खुर्चीत बसली आणि तिथलीच झाली. बाकावर गर्दी असली तरी तिला उठवायची कुणाची टाप नव्हती. लोक तिला मालकीणबाई म्हणू लागले. केस गळतात म्हणून कुणी तक्रार केली नाही. न्हाव्याच्या दुकानात चार केस इकडचे तिकडे झाले तर कुणाला कळतंय?

लेकाची भुणभुण वर्षभर चालली होती. "बाबा, आता एकटे राहू नका. इकडे या."

"मी येईन रे, पण हिचं काय?"

लेकाला वाटलं, एवढंच ना? पण ते एवढंच नव्हतं. मांजर विमानानं न्यायची तर आधी तिच्या मानेत ओळखीची चिप बसवायची होती. फौजदार म्हणाले, जनावरांचे डॉक्टर गावाला गेलेत. डॉक्टर आले, चिप बसली. मग पिसाळू नये म्हणून लस. फौजदार म्हणाले, तिला शिंका येतायत, बरी होऊ दे. बरी झाली. मग पिंजरा. मांजर आत उभी राहून वळली पाहिजे, असा विमानवाल्यांचा नियम. पहिला पिंजरा फौजदारांनी मुद्दाम लहान आणला, अशी बाकावरच्या मंडळींना दाट शंका होती. लेकानं तिकडूनच मोठा मागवून दिला. उरली फक्त सवय. पिंजरा दाराशी उघडा ठेवा, म्हणजे ती आपणहून जायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. फौजदारांनी तो दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, आणि तिथं घोडं अडलं ते अडलंच.

त्या दुपारी पोस्टमास्तर दाढीला बसले होते. नोकरी सुटली तरी बातम्या वाटायची सवय सुटली नव्हती. अर्धा गाल झाला असताना फोन वाजला. फौजदारांनी तो पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर लेक.

"बाबा, जाते का आत?"

"कुठली रे. पिंजरा दिसला की पळते. आज तर मला नखं मारली."

"कोण, मालकीणबाई?" साबणाच्या फेसातून पोस्टमास्तर बोलले. "अरे, ती तर पिंजऱ्यातच मुक्काम ठोकून आहे. काल जरा हलवून बघितलं तर माझ्यावरच फिस्कारली. बाहेर यायचं नाव नाही."

वस्तरा हवेतच राहिला.

"फोन जरा वळवा, बाबा."

फौजदारांनी वळवला. मालकीणबाई पिंजऱ्यात पसरल्या होत्या, एक पाय दाराबाहेर टाकून. लेक आधी हसला, मग हसायचा थांबला.

"तिचं झालं. आता तुमचं सांगा."

"गिऱ्हाईक अर्धवट आहे. नंतर बोलू."

"मला काही घाई नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

फौजदारांनी त्यांच्यावर डोळे वटारले. मग वस्तरा पुसत, कुणाकडेच न बघता फौजदार म्हणाले, "तिकडे सकाळी उठून मी करायचं काय?"

लेक म्हणाला, "माहीत नाही. मला तरी पहिल्या वर्षी कुठं माहीत होतं?"

"मग काय करायचास?"

"खिडकीशी बसून रडायचो. आणि तुम्हाला फोनवर सांगायचो, सगळं मस्त आहे."

"हं." फौजदार म्हणाले, "मी पण सांगायचो, दुकान जोरात चाललंय. तुझी आई गेल्यावर किती दिवस मी कुलूपच काढलं नव्हतं."

"पोस्टमास्तरकाकांनी कळवलं होतं मला."

फौजदारांनी पुन्हा एकदा पोस्टमास्तरांच्या खुर्चीकडे डोळे वटारले. पोस्टमास्तर छताकडे बघत होते.

"तुझी ती खिडकी आहे अजून?"

"आहे की. ऊन पण येतं."

"हिला ऊन हवंच." फौजदारांनी पिंजऱ्याकडे बघितलं. "मलाही चालेल. काढ तिकीट."

फोन बंद झाला. पोस्टमास्तरांच्या गालावरचा साबण पार वाळून पांढरा पडला होता. फौजदारांनी ब्रश पुन्हा भिजवला आणि सावकाश, गोल गोल, नवा फेस लावायला घेतला.

"म्हणजे माझी दाढी आता कोण करणार?"

"समोरचा आहे ना."

"तो गाल कापतो."

"मग वाढव," फौजदार म्हणाले. "हनुवटी वर कर."

पोस्टमास्तरांनी हनुवटी वर केली. एरवी वस्तऱ्याच्या चार हातांत होणाऱ्या गालाला फौजदारांनी त्या दिवशी बराच वेळ लावला.