स्टिअरिंगमागचे दोन कान

नाशिकहून निघालो तेव्हा आमची नवी ऑटोमॅटिक गाडी मी चालवत होते आणि नवरा शेजारी बसला होता. आमच्या ह्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. कसारा घाट उतरताना माझा पाय ब्रेकवरून हललाच नाही. खाली आलो तर जळका वास, आणि ब्रेक दाबला तर मऊ!

"परतीला ड्रायव्हर बोलावू. घाटात तू नकोच," ह्यांनी जाहीर करून टाकलं.

भिवंडीत कामतघरला माझी मैत्रीण जुबेदा राहते. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात तिनं घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले, पण माझं लक्ष बाहेर उभ्या गाडीकडे. तीस वर्षं गाडी चालवतेय मी! आता शेजारी बसून रस्ता बघायचा?

जुबेदाचे भाऊ इस्माईलभाई कापडाचा ट्रक चालवतात. त्यांनी चाकाचा वास घेतला आणि ह्यांनाच विचारलं, "साहेब, उतारावर गिअर नाय टाकला?"

"गाडी मी चालवते," मी म्हटलं. "ऑटोमॅटिक आहे, गिअर कुठून टाकू?"

"मग ताई, स्टिअरिंगमागे हे दोन कान कशाला दिलेत?"

पॅडल शिफ्टर म्हणे. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"शोरूमवाल्यानं सांगितलं होतं," हे पुटपुटले. "मला वाटलं, रेसिंगचं काहीतरी."

असं! चालवणार मी, आणि त्या शहाण्यानं समजावलं ह्यांना! गाडी घेतली तेव्हा मी तिथंच उभी होते, पेढ्यांचा बॉक्स धरून. अंगाची नुसती लाही लाही झाली.

इस्माईलभाई माझ्या शेजारी बसले, हे मागे. अंबाडीच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली.

"डावा ओढा. गिअर एक खाली. आता इंजिनच गाडी धरतंय, ब्रेकला आराम. उजवा ओढला की गिअर वर."

"चुकून फार खाली टाकला तर?"

"गाडी ऐकायचीच नाय. इंजिनला झेपेल तेवढंच घेते. आणि विसरलात तर थोड्या टायमानं परत ऑटोमॅटिकवर येते."

एवढंच होतं! एवढ्यासाठी आमचा जीव टांगणीला!

परतीला मी मुद्दाम वाडा-जव्हार-मोखाड्याचा घाटरस्ता धरला. ड्रायव्हर-बिव्हर काही नाही. मोठा उतार लागला तसा डावा कान ओढला. इंजिन घुमलं, गाडी आवरली, पाय ब्रेकला अधूनमधून टेकवण्यापुरताच. खाली पोचल्यावर हे उतरले आणि चाकाशी वाकले.

"वास नाही."

चुकलं, असं मात्र म्हणाले नाहीत. डॅशबोर्डच्या खणातून गाडीचं पुस्तक काढलं. त्याचं प्लास्टिक मीही फाडलं नव्हतं, कबूल. पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले.

त्र्यंबकला म्हणाले, "घसा सुकला गं."

"पुढचं पान," मी म्हटलं.