संत आल्देनचं नवं नाक

तेओफिल रॅनारच्या वह्या ठाऊक नव्हत्या असं एकही चर्च मेउज नदीच्या खोऱ्यात नव्हतं. पोटापाण्यासाठी तो गोठे आणि शाळा बांधायचा. पण जीव जडला होता तो जुन्या चर्चमधल्या धातुकामावर. धूपदाण्या, क्रूस, संतांच्या अस्थी ठेवायच्या चांदीच्या पेट्या, जे दिसेल ते मोजून मापून कागदावर उतरवायचा. नियम एकच: जेवढं दिसतं तेवढंच काढायचं.

हा नियम एकदाच मोडला. खोऱ्यातल्या एका गावी संत आल्देन या साध्वीची अस्थिपेटी होती, म्हणजे चांदीचा मुखवटाच. सणाच्या दिवशी गावानं रांगेत उभं राहून त्या मुखाचा मुका घ्यायचा, अशी सातशे वर्षांची रीत. ओठांनी नाक झिजलं, डोळे पुसले गेले, उरली ती गुळगुळीत चांदी. तीन आठवडे तेओफिल गावातल्या ओर्तांस नावाच्या विधवेच्या खानावळीत राहिला, तिच्या हातचं कांद्याचं सूप प्यायला आणि रोज त्या कोऱ्या चेहऱ्यापुढे बसला. शेवटी हात आवरेना. त्यानं नाक काढलं, पापण्या काढल्या, ओठांना जरा मुरड दिली. कागदावर संत जिवंत झाली आणि तो सुखावला.

चर्चचे फादर त्याच्याहून जास्त सुखावले. "मूळ रूप सापडलं!" म्हणत त्यांनी ते चित्र शहरातल्या सोनाराकडे धाडलं. झिजलेल्या चेहऱ्याचा पत्रा वितळवला गेला, त्याच चांदीचा नवा चेहरा घडला. तेओफिलला हे कळलं, तरी त्यानं खरं सांगितलं नाही. लोक पाठ थोपटत होते ना!

सणाच्या सकाळी रांगेत पहिली होती म्हातारी मातील्द. ती वाकली आणि तशीच थबकली.

"अगं बाई! ही तर आपली ओर्तांस!"

चर्चभर खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, "तीन आठवडे नुसतं सूपच पीत नव्हता वाटतं!"

विधवा ओर्तांस सुनेशेजारी उभी होती. कानापर्यंत लाल झाली. सुनेनं हळूच हात सोडवून घेतला.

खांबाआड उभ्या तेओफिलच्या पायांना दार दिसत होतं. चार पावलं टाकली की सुटका. पण तो सोडवलेला हात त्यानं पाहिला होता.

"बाईंचा काही दोष नाही," तो पुढे येऊन म्हणाला. "त्यांना ठाऊकही नाही. तिथं चेहराच नव्हता. मी मनानं काढला. रोज समोर जो दिसायचा तोच हातातून उतरला. मूळ रूप वगैरे सगळं खोटं."

हसू विरलं. सुनेनं पुन्हा सासूचा हात धरला. तेओफिलला वाटलं, सुटलो.

"म्हणजे जुना बरा होता," मातील्द सावकाश म्हणाली. "माझ्या आईनं झिजवलेला. तिच्या आईनं झिजवलेला. तो कुठंय रे, पोरा?"

पन्नाशीच्या तेओफिलनं मान खाली घातली, बाहीनं डोळे पुसले. तो चेहरा वहीतही नव्हता. ती झीज त्यानं काढलीच नव्हती.

"रडतोस काय?" म्हातारीनं त्याची बाही धरून ओढली. "आता पुन्हा झिजवायला हवं. सातशे वर्षं लागतील. चल, पहिला तू."

तो गुडघ्यांवर बसला, वाकला. त्यानंच काढलेलं ते टोकदार नाक त्याच्या ओठाला टोचलं.