कार्डाची पाठवणी

गायकवाड काका कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावत नसत. खुर्ची ओढून शेजारी बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वाच. काय लिहिलंय ते मोठ्याने वाच." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे स्क्रीन त्यांना धुरकट दिसे. तरी कुळगावातल्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे कॉम्प्युटर त्यांनी असे ऐकून ऐकूनच दुरुस्त केले होते. माणूस अंबरनाथच्या कारखान्यात टूलरूममध्ये मुरलेला. मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायची सवय. निवृत्तीनंतर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टीमच्या, नादाला लागले आणि काकी गेल्यावर त्या नादानेच त्यांना सोबत केली.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. घरांच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी चित्रं करते, म्हणजे करायचे. दोन वर्षं हातात काम नव्हतं आणि मला स्वतःचाच कंटाळा आला होता. अशात ठाण्याच्या एका ऑफिसने बोलावलं. अट एकच: सोमवारी सकाळी अकराला, घरून, एका फ्लॅटची थ्रीडी फेरी दाखवायची आणि ते सांगतील ते बदल तिथल्या तिथे करायचे. ही संधी गेली तर पुन्हा कोण विचारणार, हे मला कळत होतं.

माझा प्रोग्रॅम चालतो विंडोजवर. घरात कॉम्प्युटर एकच, त्यावर नवऱ्याचं, मिलिंदचं, लिनक्स. त्याच्या ऑफिसचं काम दिवसभर चालू, ते बंद करायची सोय नाही. आणि वन रूम किचनमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरचं टेबल मांडलं तर जेवायला जिन्यात बसावं लागलं असतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "विंडोजला लिनक्सच्या पोटात बसवू. चित्रं उमटवणारं मोठं ग्राफिक्स कार्ड त्याला देऊन टाकू, कायमचं. मिलिंदचं आतल्या साध्या ग्राफिक्सवर भागेल. एक डबा, दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड. लिनक्सवाले याला पासथ्रू म्हणतात. आपण पाठवणी म्हणू. कार्ड मुलगी, विंडोज सासर."

झालं, आमच्या घरात लगीनघाई सुरू झाली. मी कमांड टाईप करायची, उत्तर वाचून दाखवायची आणि काका डोळे मिटून मान हलवायचे. "कार्ड एकटं धाडायचं नाही हं. त्याच्याबरोबर आवाजाचं यंत्र असतं, ते पाठराखीण. तिला मागे ठेवलंस तर मुलगी उंबऱ्यावरच अडून बसते."

शुक्रवारी मी कार्डाच्या गटात कॉम्प्युटरचे कोणकोणते भाग आहेत त्याची यादी वाचली. कार्ड, पाठराखीण, आणि त्याच गटात इंटरनेटची चिप.

"एका गटातले सगळे एकत्रच निघतात," काका म्हणाले. "वऱ्हाड समज. धाड."

धाडलं. विंडोज झोकात उघडलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून मिलिंद म्हणाला, "अरे, साहेब गेले." त्याच्या मीटिंगमधले साहेब तोंड उघडं ठेवून गोठले होते. "मनीषा, माझं नेट कुठंय?"

"सासरी," काका म्हणाले आणि कपाळाला हात लावून बसले. "माझंच चुकलं. वऱ्हाडाने पोचवून परत यायचं असतं, हे तिथेच नांदायला बसलं."

शनिवारी कार्ड खालच्या खाचेत बसवलं. यादी पुन्हा वाचली तर गटात दोघंच, मुलगी आणि पाठराखीण. काका इतके खूश झाले की चहाला साखर मागून घेतली, जी त्यांना मना होती. रविवारी नवीनच लफडं. विंडोज एकदा बंद केलं की कार्ड दुसऱ्यांदा उठेना. अख्खा डबा बंद करून चालू केला तरच उठे. मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "मग तिला माहेरी बोलवायचंच कशाला? उद्या सकाळी एकदा चालू कर आणि तुझं काम होईपर्यंत बंद करू नकोस. प्रत्येक गोष्ट सुधारलीच पाहिजे असं नाही, पोरी. काही गोष्टी सांभाळून घ्यायच्या."

सोमवारी ते आमच्या पलंगावर डोळे मिटून बसून होते. ठाण्याच्या बाईंनी ओटा उलट बाजूला घ्यायला सांगितला, मग खिडकी रुंद करायला. दोन्ही मी त्यांच्यासमोर केलं. पलीकडे मिलिंदचे साहेब सुखरूप बोलत होते. काम मला मिळालं. मी काकांच्या पाया पडले तर म्हणाले, "पंखा फार ओरडत होता. साफ करून घे."

पुढच्याच आठवड्यात ते मुलीकडे, सुजाताकडे, बंगळुरूला गेले आणि तिने त्यांना तिकडेच ठेवून घेतलं. महिन्याभराने तिचा फोन आला.

"ताई, बाबांचं ऑपरेशन झालं, आता पेपर वाचतात. खरं तर आधीची तारीख मिळाली होती, तुमच्याकडच्या त्या सोमवारची. तिकीटपण काढलेलं. ऐन वेळी म्हणाले, समोरच्या घरी पाठवणी आहे, मुलगी पोचल्याशिवाय मी हलत नाही. लग्नघर म्हटल्यावर मी काय बोलणार? नीट झालं ना सगळं? मुलगी कोणाची होती?"



"आमचीच," मी म्हटलं. "काकांनी सुखरूप पोचवली."