फुटलेल्या आरशाचा व्हिडिओ

कोर्टातल्या पडद्यावर मी स्वतःला पाहिलं, तेव्हा मी फ्रिजसाठी भांडत होतो.

माझ्या मुलीच्या मरणानंतरच्या बैठकीचा तो व्हिडिओ. आमच्या नात्यागोत्यात लेक सासरी मेली की माहेरचे आंदण परत आणायला जातात. दोन्हीकडची वडील माणसं सतरंजीवर बसतात आणि एकेक वस्तू अंगणात काढली जाते. पडद्यावर मी म्हणत होतो, "याचा दरवाजा चेपला. असा मी नाही नेनार. बदल्यात कूलर द्या."

विरुद्ध बाजूच्या वकिलाने चित्र थांबवलं. "हे तुम्हीच ना?"

"हो, मीच."

त्या होकारावर त्या तुकड्याला निशाणी क्रमांक पडला, म्हणजे तो पुरावा झाला. मग त्याने विचारलं, "मुलीला मारहाण व्हायची, असं या बैठकीत तुम्ही एकदा तरी म्हणालात का?"

"तुम्ही अर्धंच दाखवून राह्यले," मी ओरडलो. न्यायाधीशांनी ताकीद दिली. पिंजऱ्यातला जावई मान खाली घालून बसला होता, हसत होता की नाही ते मला दिसलं नाही.

मी जळगाव जामोदला जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. गॅरेजात पाने पुसण्यापासून सुरुवात केली, कोणाच्या आधाराने वर आलो नाही. घ्यायला गेलो की मी इंजिनाबद्दल विचारत नाही. सीट फाटली, पत्र्याला गंज आला, असल्या फालतू गोष्टींवरून मालकाला छळतो. तो चिडतो, आणि चिडला की गाडीत काय मोडलं आहे ते स्वतःच बोलून जातो. बैठकीत मी तेच केलं. फ्रिज झाला, कूलर झाला, मग ड्रेसिंग टेबलावर आलो. त्याचा आरसा फुटलेला होता. मी तो धरून बसलो. नवा आरसा बसवून द्या, नाहीतर हे टेबल इथंच राहू द्या.

शेवटी जावयाची आई कावली. "आरशाले काय रडता? तुमच्याच पोरीचं डोक्सं आपटलं त्याच्यावर. यानं नुसतं ढकललं होतं."

अंगणात कोणी बोललं नाही. माझी मुलगी विहिरीत सापडली होती. पाय घसरला, डोक्याची खोक विहिरीतल्या दगडाची, असं ते लोक पोलिसांना सांगत होते. जावयाच्या आईचं वाक्य मी जबाबात दिलं होतं. पण त्यांचे वडीलधारे साक्षीत म्हणाले, आम्ही ऐकलं नाही. आणि ऐकलं म्हणणारे आमचे दोघं पडले आमचेच नातेवाईक, त्यांचं कोण खरं धरणार. व्हिडिओचा तुकडा बरोबर आरशाच्या आधी कापलेला होता.

कोर्टातून आलो त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "तुमी खरंच त्या बाईच्या तोंडून ते निघावं म्हनूनच घासाघीस करून राह्यले होते का?"

"मग कायच्यासाठी?"

तिने विचारायला नको होतं.

अख्खा व्हिडिओ कोणाजवळ आहे ते मला माहीत होतं. माझ्या साडूची मुलगी त्याच घरात थोरली सून आहे. साडूनेच स्थळ आणलं, दोघी मावसबहिणी दोघा भावांना दिल्या. सामानावरून मागाहून वाद नको म्हणून सासऱ्याने तिलाच चित्रीकरण करायला सांगितलं होतं. ती जिन्यावर फोन धरून शेवटपर्यंत उभी होती. कापाकापी नंतरची, तिच्या नवऱ्याने केलेली.

सरकारी वकील म्हणाले, ज्या फोनवर व्हिडिओ काढला तोच फोन पाहिजे आणि फोनवालीचं सहीचं प्रमाणपत्र पाहिजे. त्याशिवाय निशाणी पडत नाही.

मी साडूकडे गेलो. तो वरवट बकालच्या बाजाराला निघाला होता, हातातली पिशवी त्याने खाली ठेवलीच नाही.

"तिची सही पाहिजे," मी म्हणालो.

"भाऊ, तुमची गेली. माही अजून तिथं नांदून राह्यली."

"स्थळ कोनं आनलं?"

"मी आनलं. म्हनून काय दुसरीबी विहिरीत टाकू?"

मी त्याची कॉलर धरली. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, येऊन सोडवलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. जो माणूस माझ्या मुलीसाठी तोंडातून शब्द काढत नाही, त्याच्याशी मला बोलायचंही नाही.

पुढे साडूच्या मुलीनेच मला फोन केला. "मावसाजी, बाबांले सांगू नका. मी येतो खामगावले, कोर्टाजवळ. बँकेच्या कामाचं सांगून येतो."

कोर्टाबाहेर एक बाई ई-फायलिंगचं दुकान चालवतात. तिथं मी आधीच पानामागच्या दरावरून भांडून बसलो होतो. बाईंनी मुलीचा फोन केबलने जोडला, व्हिडिओ उतरवला आणि त्यावरून आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ काढली. "यातला एक सेकंद जरी कापला तरी ही ओळ बदलते," त्या म्हणाल्या. "पेनड्राइव्ह लखोट्यात सील होऊन हातोहात जाईल. ऑनलाइन जाईल यादी, बोलण्याचा टाइप केलेला उतारा आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रातला तज्ज्ञाचा भाग वकीलसाहेब करून घेतील. हा भाग फोन ज्याचा, त्याने भरायचा."

मी त्यांना उताऱ्यातून फ्रिज आणि कूलर गाळायला सांगितलं.

"नाही गाळता येणार. तुमचंच नुकसान होईल."

मग त्या हेडफोन लावून सगळं टाइप करत बसल्या. दरवाजा चेपला. बदल्यात कूलर द्या. माझं प्रत्येक वाक्य माझ्या नावापुढे येत गेलं. पुढे आरसा आला, जावयाच्या आईचं वाक्य आलं, आणि त्याखाली त्यांनी टाइप केलं, कोणी बोलत नाही. कापलेल्या व्हिडिओत नव्हतं ते एवढंच.

प्रमाणपत्र समोर आलं तेव्हा मुलीने पेन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला चार वर्षांचा मुलगा आहे, तो घरीच होता.

"मावसाजी, याच्यानंतर मले तिथं ठेवनार नाही."

"आमच्याकडे ये. तिची खोली रिकामीच हाये."

"पोरगं माह्याजवळ राहीन ना?"

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पण समोरचा पेन उचलून बसला असताना मी कधी विचार करत थांबलेलो नाही.

"राहीन," मी म्हणालो. "मी पाहतो."

तिने सही केली. बाईंनी कागद स्कॅन केला, पानांवर क्रमांक टाकले, अपलोड केलं. पावती छापून येईपर्यंत मुलगी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती.

ती साक्षीला उभी राहिली आणि आमच्या व्हिडिओला निशाणी पडली. जावयाच्या आईचं वाक्य कोर्टात सगळ्यांनी ऐकलं. त्याच दिवशी सासरी तिला दारात घेतलं नाही. मुलगा आतून रडत होता, असं ती सांगते. ती आमच्याकडे आली, बापाच्या घरी गेली नाही. बापाने बोलावलंही नाही. आंदण परत करायला त्यांनी बैठक ठेवली नाही. एका टेम्पोत सामान भरून माझ्या दुकानासमोर उतरवून गेले. त्यात कपाट होतं. दोन्ही लग्नांच्या वेळी मी एकाच दुकानातून, एकाच भावात, जोडीने घेतलेलं. आता दोन्ही कपाटं आमच्या मुलीच्या खोलीत शेजारी शेजारी उभी आहेत. बायको त्या खोलीत झाडायला जाते तेवढीच.

साडू चारचौघांत म्हणतो, एक पोरगी गेली म्हणून यानं दुसरीचा सौदा केला. म्हणो. त्याने सही करू दिली असती, बापासारखा मागे उभा राहिला असता, तर मला एकट्याला शब्द द्यावा लागला नसता. निकाल अजून लागलेला नाही. जावयाला शिक्षा झाली तर ती त्या सहीने होईल, साडूच्या शहाणपणाने नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो, तिच्या मुलाच्या ताब्याच्या अर्जासाठी. तिने पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं, अंगणवाडीतला फोटो काढला, मग फोन. त्यात तो पोरगा तिच्या हाताने वरणभात खातो आहे आणि मधेच कॅमेऱ्याला जीभ दाखवतो आहे. बाईंनी केबल जोडली आणि आकड्यांची ओळ काढायला लागल्या.

मी पुढे झालो. "बाई, मागच्या वेळी पानाचा दर तुमी..."

"मावसाजी," ती मुलगी म्हणाली, "याच्यात तुमी काही बोलू नका."

प्रमाणपत्र आलं. तिने ते ओळ न ओळ वाचलं, दोनदा वाचलं आणि सही केली. या वेळी तिने मला काही विचारलं नाही. मी पैसे दिले, बाईंनी सांगितले तेवढे, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.