उंब्रजच्या अलीकडची दहा मिनिटं

खून-दरोड्याची प्रकरणं आता आठवणीत एकमेकांत मिसळतात, पण कोरोनातलं हे एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात ना फिर्याद होती, ना अटक.

तेव्हा मी महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. साताऱ्याच्या दवाखान्यांत खाटा पुरत नव्हत्या. दुसऱ्या दुखण्यांतून बऱ्या झालेल्या, पण घरी सांभाळायला कुणी नसलेल्या वृद्धांना सांगलीकडच्या एका आश्रमात हलवायचं ठरलं. योजना माझ्याच बॅचच्या एका अधिकाऱ्याची होती. दवाखान्यात चौदा दिवस वेगळं ठेवायचं, चाचणी निगेटिव्ह आली की गाडीत बसवायचं, आणि गाडीचं दार थेट आश्रमातच उघडायचं. मग तिथं पुन्हा वेगळं ठेवायची गरज नाही. आम्ही फक्त नाक्यावर पास बघून गाडी पुढे काढायची.

आश्रमात एकालाही लागण झाली नव्हती. रोजच्या बैठकीत वरिष्ठ त्याचं कौतुक करायचे आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? प्रशिक्षणात तो प्रत्येक गोष्टीत माझ्या मागे होता. मला जे सुचलं नाही ते त्याला सुचलं, या विचाराने माझं जेवण गोड लागेना.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात एका बाईचा फोन आला.

"आवं सायेब, परवा आमच्या सासूला आश्रमात न्हेलं न्हवं? गाडी थेट न्हाई गेली. उंब्रजच्या अलीकडं आमच्या धाकट्या जावंच्या दारात थांबली. आमच्या दाराम्होरनं मात्र भुर्रकन गेली!"

"बरं, मग?"

"मग काय? काल रातीपासनं धाकटा दीर तापानं फणफणलाय. घरात झाकून ठेवलंय त्यास्नी."

खबर देणारा काय सांगतो याइतकंच तो का सांगतो हेही बघावं लागतं. मांडीचं हाड मोडलेल्या त्या म्हातारीला सांभाळायला दोन्ही सुनांपैकी एकही तयार नव्हती. पण जाताना सासूचा आशीर्वाद एकीच्याच पदरात पडला, हे दुसरीला सोसवत नव्हतं. मला बाईचं हसू आलं. स्वतःचं आलं नाही.

गाडीच्या चालकाला बोलावून घेतलं. आधी तो कबूल होईना. मी आवाज चढवला नाही. दवाखान्यातून निघाल्याची आणि नाक्यावरची वेळ पुढे ठेवली आणि त्या अंतराला एवढा वेळ कसा लागला, एवढंच विचारलं. गडी खाली बघायला लागला.

"सायेब, बाई भाकरतुकडा घेऊन गाडीला आडवी हुबी. आजारातनं उठलेलं मानूस, ओवाळल्याबिगर कसं म्होरं न्ह्यायचं? आमच्यातबी न्हेत न्हाईत. दार उघडलं. पोरगा आत चढला, आयेच्या गळ्यात पडून रडला. धा मिनिटं झाली आसतील. लय म्हंजे लय."

हवालदाराने धाकट्याच्या घरी जाऊन ताप खरा असल्याची खात्री केली. बारा वाजले होते. आश्रमाला फोन करायला एक मिनिट पुरलं असतं. पण चार वाजता बैठक होती. तिथं सगळ्यांसमक्ष, बॅचमेटच्या तोंडावर हे सांगायचं, म्हणून मी फोन केला नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मी आरोपींना ऐकवत आलो होतो.

एक वाजता मी स्वतः नाक्यावर उभा होतो. त्याच आश्रमाची आणखी एक गाडी आली. आत एकच आजी होती, शाळेत शिपाई म्हणून उभा जन्म राबलेली, मागेपुढे कुणी नसलेली. काचेआडून तिने मला हात जोडले. गाडीचं दार बंद होतं, पास बरोबर होता. मी मान हलवली आणि गाडी पुढे गेली.

बैठकीत मी सगळं सांगितलं. बॅचमेटचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. त्याने तिथूनच आश्रमाला फोन लावला. कळलं की दोन वाजता आलेल्या आजीला त्या म्हातारीच्याच खोलीत खाट दिली होती.

मग त्याने मला विचारलं, "तुला कधी समजलं?"

"आत्ताच, बैठकीच्या आधी."

"बरं झालं, लगेच सांगितलंस. बाकीचे तरी वाचतील."

बाकीचे वाचले. म्हातारीला लागण झाली होती, पण तीही त्यातून उठली. शाळेतली आजी नाही उठली. योजना त्याच्याकडून काढून घेतली आणि मला प्रशस्तिपत्रक मिळालं.

हेव्याने सांगितलेली खबरही खरी असू शकते, हे मी त्या प्रकरणातून शिकलो. हेवा माणसाला खोटं बोलायला लावतोच असं नाही, कधी कधी तो खरं बोलायला उशीर करायला लावतो. त्या सुनेने तर दिराला ताप आल्याचं कळताच फोन केला होता. उशीर माझा होता.

आजीच्या अंत्यविधीला नातेवाईक कुणी नव्हतं. आम्ही दोघंच अधिकारी लांब उभे होतो. बॅचमेट ओक्साबोक्शी रडला, माझ्यामुळे गेली म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण तुझ्यामुळे नाही, हे म्हणालो नाही. त्याला उघड रडता येत होतं, आणि मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटला.