कुकडीच्या दरडीतली राख

पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या एसटीतून आळेफाट्यावर उतरलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. उन्हाळाभर बोरी बुद्रुकला भूगर्भशास्त्राच्या एका मॅडमच्या हाताखाली इंटर्नशिप करायची होती. मला न्यायला स्कूटरवर दुसरी इंटर्न आली होती. आळ्याची रेवती, माझ्याच वयाची.

"आधी नदीवर जाऊ," ती म्हणाली. "राख बघितल्याबिगर तुला हितलं काय कळायचं न्हाई."

कुकडीच्या उंच दरडीत, मातीच्या पोटात, फिकट पांढरा पट्टा होता. रेवतीनं त्यातली चिमूटभर राख माझ्या तळव्यावर ठेवली. पिठाहून मऊ.

"समुद्रापलीकडं ज्वालामुखी फुटला व्हता. हजारो वर्षं झाली. तिथनं उडत आली ही."

मी वर पाहिलं. निळं, रिकामं आकाश. त्यातून कधीकाळी हे सगळं या शिवारावर उतरलं होतं. अंगावर काटा आला. तीही शेजारी उभी राहून वर बघत होती, आणि ते मला फार आवडलं.

पहिल्या रविवारी तिच्या घरी जेवलो. तिच्या आजोबांची मेंढरं होती, आता घरची कांद्याची शेती. मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली वडी) आणि झणझणीत जाळ रस्सा. "पावणं, लाजू नका," तिची आई म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या आठवड्यात घोळ झाला. दरडीतल्या प्रत्येक थराची माती पिशवीत भरून क्रमांक टाकायचा होता. रेवती खाली टेप धरून गुणगुणत होती. तिच्याकडे बघता बघता माझे क्रमांक चुकले, आणि कुठून चुकले ते आठवेना.

"अंदाजानं टाकतो. कुणाला कळतंय?" मी म्हणालो.

"मला कळलंय ना," ती म्हणाली. आणि तिनं टेप गुंडाळायला घेतली.

संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पिशव्या रिकाम्या केल्या. "उद्यापासून पुन्हा. एकट्यानं."

दुसऱ्या दिवशी उन्हात दरड खरवडत होतो, तर शेजारी दुसरी खुरपी चालू लागली. रेवती.

"चूक तुझी नव्हती," मी म्हणालो.

"न्हाई. पर तू कुणाकडं बघत व्हतास, ते मला ठावं व्हतं." खुरपी चालवत म्हणाली, "आन मलाबी ते लई आवडत व्हतं."

मॅडमनी लांबून पाहिलं, पण तिला परत बोलावलं नाही.

जूनमध्ये मी पुण्याला परतलो. वर्षभर आम्ही रोज फोनवर बोलायचो, मग ती पुढच्या शिक्षणासाठी लांब गेली आणि बोलणं हळूहळू विरलं. भांडण झालं नाही. पण माझं वाईट वागणं डोळ्यांनी पाहूनही कुणी माझ्या शेजारी येऊन बसू शकतं, हे मला त्या उन्हाळ्याआधी माहीत नव्हतं.