सैल माती

माझा थोरला भाऊ जन्माला आला तोच डोक्यात संशयाचा किडा घेऊन. वीस उन्हाळे झाले, विद्यापीठाच्या उत्खनन शिबिरात तो खोदकामाला आणि मी स्वयंपाकाला. पोरं जेवायला गेली की हा त्यांच्या खड्ड्यांत उतरणार, कुणी काही खिशात तर घातलं नाही ना, म्हणून. पण हात असा, की माती नुसती चिमटीत धरून सांगेल, ही कधी हललेली आहे की नाही. शिबिराच्या प्राध्यापिकाबाई त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

यंदा त्याची लेक विद्यार्थिनी म्हणून आली. शिबिरात नापास झाली तर वर्ष गेलं.

शेवटच्या आठवड्यात तिच्या खड्ड्यात लाल मणी निघाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दादानं मण्याभोवतीची माती चिमटीत घेतली आणि त्याचं तोंड उतरलं. काठावर उभी राहून मी मनात म्हटलं, आता गप्प बस रे बाबा.

"माती सैल आहे," तो बाईंना म्हणाला. "मणी कुणीतरी आणून पुरलाय."

म्हणे कुणीतरी. खड्ड्यात तर ती एकटीच होती. मला त्याच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली.

"कुठून आणलास?" बाईंनी पोरीला विचारलं.

"चाळून टाकलेल्या मातीच्या ढिगातून." ती मान वर करेना. "ढिगातली वस्तू जमिनीच्या कुठल्या थरातली ते कळत नाही, मग ती वाया जाते. म्हणून इथं ठेवला."

दादा भडकला. "चाळताना एवढा मणी सुटला? कोण तो आंधळा? नाव सांग."

ती खाली बसून आपली हत्यारं गोळा करू लागली.

"कुणाला पाठीशी घालतेस?"

"तुम्हीच चाळलेला ढीग आहे, बाबा. मी रोज तपासते. तुम्हाला हल्ली दिसत नाही."

दादानं मणी डोळ्यांजवळ नेला. आणखी जवळ नेला. मग म्हणाला, "बाई, वहीत लिहा. मणी माझ्या नजरेतून सुटला. पोरीला नापास करायचं तर करा, पण चोर म्हणू नका."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. पोरीचं वर्ष गेलं आणि दादाचं काम. खड्ड्यातून वर चढताना त्यानं लेकीपुढे हात केला, "धर गं, पायरी दिसत नाही." वीस वर्षांत असं तो कुणालाच म्हणाला नव्हता. मला रडू आवरेना.